तळहातावरचा आकडा

शब्बीर,

मशीनवरची चादर मी परवा काढली. तू गेलास त्या दिवशी ती कुणी घातली ते आठवत नाही. मीच घातली असणार, कारण आपल्या लॅबमध्ये आता मी सोडून कुणी नाही. शेजारचे यंत्रमाग चालू होते आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी नेहमीसारखं थरथरत होतं. खुर्ची तुझ्या उंचीला लावलेली. ती खाली घ्यायला हात धजेना, म्हणून तसाच पाय लोंबकळत बसलो. बघितलं असतंस तर हसला असतास.

लोक म्हणतात, शब्बीरबद्दल काहीतरी लिही. तू कुठं शिकलास, काय काय केलंस, हे ज्यांना हवं त्यांना माहीत आहे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला अर्धीच ठाऊक होती, आणि उरलेली अर्धी मला ठाऊक नव्हती. भाभींना विचारून हे छापायला देतोय. वाचणाऱ्यांना आपलं काम माहीत नसणार, त्यामुळे तुला पाठ असलेलंच थोडं पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

लोखंडाचा तुकडा किती कठीण आहे हे आपण मोजायचो. तेही तुकड्याच्या एका कणाएवढ्या जागेत. तुकडा बॅकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या गोटीत बसवायचा, घासायच्या कागदावर आणि मग कापडावर घासत आरशासारखा करायचा, आणि त्यावर हिऱ्याचं टोक अगदी थोड्या वजनानं दाबायचं. टोक उचललं की मागे चौकोनी ठसा राहतो. तो केसाहूनही बारीक असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली धरला की पतंगासारखा दिसतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा कर्ण मोजायचा. ठसा लहान आला तर लोखंड कठीण, मोठा आला तर मऊ. एवढंच काम. पण या एवढ्याशा ठशात थोडीशी चूक झाली, तरी आकडा कुठल्या कुठं जातो.

आणि असलं काम करायला आपण जागा घेतली ती टॉवेलच्या मागांशेजारी. भाडं परवडत होतं, दुसरं काय. मशीनखाली दगडी फरशी घातली, फरशीखाली रबर घातलं, तरी माग सुरू असताना दाबलेला ठसा फिसकटायचा. शेवटी तूच तोड काढलीस. लाइट गेली की माग बंद पडतात. आपल्या मशीनला दाबायला लाइट लागत नाही, वजन आपल्या भारानंच खाली येतं. लाइट लागते ती फक्त बघायला. म्हणून लाइट गेली की तू बॅटरी तोंडात धरून ओळीनं ठसे दाबायचास, आणि लाइट आली की आपण ते वाचायचो. सगळी एमआयडीसी लाइट गेल्यावर शिव्या द्यायची, तेव्हा तू ओरडायचास, "चल दत्ता, अपना टाइम आ गया." मागवाले तेलुगू मामा दारातून डोकावून म्हणायचे, तुमी दोघं येडे हाय, जग झोपलं की तुमी उठता.

वाचायची आपली रीतही तुझीच. प्रत्येक ठसा दोघांनी वाचायचा. एकानं वाचताना दुसऱ्यानं दाराकडं तोंड करून उभं राहायचं. आकडा बोलायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, कारण कागद टेबलावर राहिला की नजर जातेच. पेननं तळहातावर लिहायचा आणि मूठ मिटायची. दोघांचं वाचून झालं की मुठी समोरासमोर धरून उघडायच्या. आकडे जवळ असले तर मधला आकडा रिपोर्टात. लांब असले तर ठसा रद्द, पुन्हा दाबायचा. साखर कारखान्यांना पिना बनवून देणारे बिराजदार मालक पहिल्यांदा आले तेव्हा आपण दोघं मुठी वळून उभे. ते म्हणाले, "काय ओ, पोरं चिंचोके खेळताव का?"

तुझा आकडा नेहमी माझ्याहून मऊ यायचा. अगदी थोडा, पण नेहमी. कारण आपलं ते भांडण. भिंगात एक काळी रेघ असते, ती ठशाच्या कोपऱ्यावर आणून ठेवायची आणि तिथला आकडा घ्यायचा. मी म्हणायचो, रेघ कोपऱ्याला नुसती शिवली पाहिजे. तू म्हणायचास, कोपरा रेघेखाली पुरता गेला पाहिजे, नाहीतर टोक बाहेर राहतं. रेघेच्या जाडीएवढा हा फरक, तेवढा तुझा ठसा मोठा भरायचा. त्यावर आपण किती वर्षं भांडलो. तू म्हणायचास, "माढ्याचा शेतकरी तू. बांध कोरायची सवय हाय तुमची, ठसाबी कोरतोस." मी म्हणायचो, तुझे अब्बा टेलर, म्हणून तू शिवणीला जादा कापडाची माया सोडल्यासारखा मोजतोस. पुस्तकं काढून बघितली तरी मिटलं नाही. मिटलं नाही तेच बरं होतं, असं आता वाटतं. दोन वेगळ्या नजरा एका ठशावर पडत होत्या आणि खरं त्या दोघींच्या मध्ये कुठंतरी सापडत होतं.

मग गेल्या वर्षी तुझा आकडा आणखी मऊ यायला लागला.

आधी मला वाटलं, पॉलिश नीट होत नसेल. तूही तसंच म्हणालास. कापड बदललंस, भिंग पुसलंस, दिवा बदललास. मुठी उघडल्या की आकडे लांब, ठसा रद्द. पुन्हा दाबायचा, पुन्हा लांब. तिसऱ्यांदा रद्द झाला की तू चष्मा काढून शर्टाला पुसायचास. तुझी साखर मला माहीत होती. साखर डोळ्याच्या पडद्यावर जाते हेही माहीत होतं, माझ्या थोरल्या चुलत्यांचं तसंच झालं होतं. ज्याला कडा धूसर दिसतात तो ठसा मोठाच वाचणार. तुझे डोळे चालले होते, आणि मला ते डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं, शब्बीर. अगदी आकड्यात कळलं होतं.

मी तुला हैदराबादच्या मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो म्हणालो. तूही हौ म्हणालास. "सीझनचं काम आवरू दे, मग जाऊ." साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला होता आणि सगळ्यांना घाई होती.

आणि त्या मधल्या काळात मी एक गोष्ट केली. तुझ्या हातात सारखे रद्द होणारे ठसे मला बघवेनात. म्हणून माझी रेघ मी थोडी बाहेर सरकवली. कोपऱ्याला शिवायच्या ऐवजी कोपऱ्याच्या जरा पलीकडं. तुझा आकडा कुठं येणार याचा मला अंदाज होताच, इतकी वर्षं शेजारी बसून येतोच. दोन दिवस तसं केलं आणि मुठी उघडल्या तर आकडे जवळ. तू माझ्या हाताकडं बघितलंस, मग माझ्या तोंडाकडं, आणि म्हणालास, "बघ, कापडच खराब होतं."

त्यानंतर जे झालं त्यानं मी फसलो. एक दिवस तुझा आकडा माझ्याहून कठीण आला. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. आपण दोघं हसलो. तू म्हणालास, आज मीच बांध कोरला. मी मनात म्हटलं, याचे डोळे सुधारतायत. गोळ्या लागू पडल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, शब्बीरची नजर परत आली. तिनं देवापाशी साखर ठेवली. पुढं आकडे असे जुळायला लागले की ठसे रद्द व्हायचे थांबले. मग मी हैदराबादचं नाव काढलं नाही. तूही काढलं नाहीस. हंगाम आला आणि गेला, पुन्हा हंगाम जवळ आला.

तुझं हृदय बंद पडलं त्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि विचारलं, डोळ्यांची तपासणी शेवटची कधी केली? भाभींनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, साखर आतून बऱ्याच दिवसांपासून पोखरत होती. डोळे दाखवले असते तर बाकीचंही तेव्हाच बघितलं गेलं असतं. तू वाचला असतास असं ते म्हणाले नाहीत. वाचला नसतास असंही म्हणाले नाहीत. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी तेव्हापासून उभा आहे.

तिसऱ्या दिवशी जियारतीला तुझ्या कबरीवर फुलं वाहून सगळे घरी परतले. मी भाभींपाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. की मला माहीत होतं, की मी माझा आकडा सरकवत होतो, की त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याचे डोळे त्याच्यापासूनच लपवले. वाटलं होतं त्या उठून आत जातील. त्या पदराशी चाळा करत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं की, दत्ताभाई."

मला वाटलं त्या डोळ्यांबद्दल बोलतायत. तसं नव्हतं.

"मला म्हणायचे, मला आता कड दिसत नाही. पण हे दत्ताला कळलं तर तो मला त्या खुर्चीवरनं उठवणार नाही आणि स्वतः झुरत बसेल. म्हणून ठसा जेवढा दिसतो त्याच्यापेक्षा जरा लहानच धरून लिहितो. दत्ताची नजर चांगली हाय, तिला धरून चाललं की झालं."

शब्बीर, तू माझ्या नजरेला धरून चालला होतास. आणि मी तिथून उठून तुझ्याकडं यायला निघालो होतो.

परवा चादर काढली ती हे मनात घेऊन. आपल्याकडचा प्रमाण ठोकळा काढला, ज्याच्यावर त्याचा खरा हार्डनेस कोरलेला असतो. मशीन बरोबर आहे का बघायला आपण तो दाबायचो. गेल्या वर्षात त्यावरचे ठसेही आपण मुठी वळूनच वाचले होते, आणि कोरलेला आकडा समोर असताना दोघांनी काय वाचलं असेल ते तूही ओळखशील. या वेळी मी कोरलेल्या आकड्यावर चिकटपट्टी लावली. मागांची सुट्टी झाल्यावर ठसा दाबला. वाचला. तळहातावर लिहिला. मूठ मिटून उगाच दाराकडं बघत उभा राहिलो. मग चिकटपट्टी काढली.

मी मऊ वाचला होता. बराच मऊ. वजन तपासलं, दिवा तपासला, भिंग तपासलं, सगळं ठीक. मशीन बरोबर होतं. वर्षभर रेघ बाहेर ठेवून ठेवून माझा डोळाच तिथं जाऊन बसला होता. तुझा डोळा धूसर झाला होता, माझा सरकला होता, आणि दोघांच्या मधला आकडा आपण खरा म्हणून सही करून देत होतो. आपल्या रीतीचा सगळा भार एकाच गोष्टीवर होता, की दोघांनी एकमेकांसाठी काही करायचं नाही. तेवढंच आपल्याला जमलं नाही.

मग मला बिराजदारांच्या पिना आठवल्या.

उसाची मोळी वर नेणाऱ्या साखळीच्या पिना. तुला तो नमुना आठवत असेल. पिनीची वरची कातडी कठीण पाहिजे आणि आतला गाभा चिवट. कातडी किती खोलवर कठीण झाली ते बघायला तू कडेपासून आत एकामागून एक ठसे दाबलेस. आपला रिपोर्ट गेला की कातडी पातळ आहे. बिराजदारांनी त्यावरून माल भट्टीत जास्त वेळ ठेवला. दुसरा नमुना आला, आपण म्हणालो, आता बरोबर. पण आपण मऊ वाचत होतो, म्हणजे पहिल्यांदाच बरोबर होतं. नंतरच्या मालाची कातडी फार खोल गेली असणार. अशी पीन झिजत नाही, ती एक दिवस मोडते. आणि साखळीखाली माणसं उभी असतात.

काल सकाळी मी बिराजदार मालकांना फोन केला. म्हणालो, तो माल थांबवा. ते म्हणाले, थोडा माल माळशिरसकडच्या कारखान्यावर गेलाय, आठवड्यात बॉयलर पेटणार आहे, आता काय थांबवू? मग म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमचा माणूस गेलाय, तुमचं चित्त ठिकाणावर न्हाय. चार दिवस जाऊ द्या की." मी म्हणालो, आधी पिना बसवायच्या थांबवा आणि मग मला काय बोलायचं ते बोला. आणि तुम्ही इथं या. ते आले ते तावातच आले, पण तुझ्या खुर्चीकडं बघून जरा मवाळ झाले.

ते यायच्या आधी मी सकाळभर ठोकळाच वाचत होतो. पुन्हा पुन्हा. कोरलेला आकडा झाकून, रेघ कोपऱ्याला शिवेपर्यंत आणायची आणि तिथंच सोडायची, कुणाचा विचार करायचा नाही. सुरुवातीला हात आपोआप पुढं जायचा, बाहेर, तुझ्याकडं. दर वेळी परत आणला. दुपारपर्यंत माझा आकडा कोरलेल्या आकड्याला लागला, आणि पुढच्या ठशालाही लागला. तेव्हाच पिनांचा तो दुसरा नमुना, तू दाबलेला, खणातून काढला.

ते नमुने आपण टाकून देत नव्हतो, हे केवढं बरं झालं. बॅकेलाइटच्या गोटीत तुझी ओळ तशीच होती. सरळ, सारख्या अंतरावर, लाइट गेलेली असताना बॅटरी तोंडात धरून दाबलेली. मला अशी ओळ कधी आली नाही. डोळे धूसर झाले तरी तुझ्या हाताला जागा बरोबर सापडत होती. ठसे कणभरही बदलले नव्हते. आपण त्यांच्याबद्दल काय वाटेल ते लिहिलं होतं, पण ते होते तसेच होते.

बिराजदार शेजारी उभे राहिले. मी एकेक ठसा वाचत आत गेलो. जिथं आपण कातडी संपली म्हणालो होतो तिथं ती संपत नव्हती. ती बरीच पुढं चालू होती.

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर तुमची दोघांची सही हाय. आता तुमी एकटे म्हणता ते खोटं होतं. कशावरनं धरायचं?" बरोबर होतं त्यांचं. मी म्हणालो, पीन आणलीय का? त्यांनी खिशातून काढली. व्हाइसच्या पकडीत धरून त्यांनी स्वतःच घण मारला. चांगली पीन आधी वाकते. ही वाकली नाही, खट्‌ करून तुटली आणि अर्धा तुकडा दारापर्यंत गेला.

ते वाकून तो तुकडा उचलून आले. मोडलेली बाजू उजेडात धरून बघितली. मग तिथूनच कारखान्यावर फोन लावला आणि सांगितलं, माझ्या पिना बाजूला काढा, नव्या देतो. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "शब्बीरभाईंचं नाव यात घेऊ नका. मेलेल्या माणसाला कशाला?"

मी म्हणालो, घेणार. त्याचं आणि माझं, दोघांचं. हे काम दोघांनी मिळून बिघडवलंय, आणि आज जे सापडलं तेही त्याच्याच ओळीवर सापडलं.

तेव्हा हे असं ठरवलंय, शब्बीर. खणात गेल्या वर्षभराचे जेवढे नमुने आहेत ते सगळे मी पुन्हा वाचणार आहे. ज्यांचे आकडे बदलतील त्यांच्या दारात जाऊन सांगणार आहे. काहीजण पुन्हा काम देणार नाहीत. न देऊ देत. माझ्या डोळ्यांची तपासणी झाली, भाभींनीच पाठीशी लागून करवली. चष्म्याचा नंबर वाढलाय, पडदा ठीक आहे. दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी बसवावं लागेल, एकट्याची नजर पुरत नाही, हे आता मला कुणी सांगायची गरज नाही. जो येईल त्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगणार आहे. शेजारच्याची नजर हुकताना दिसली तर आकडा सरकवायचा नाही. खुर्ची मागं घ्यायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तोंडानं बोलायचं.

ते बोललो असतो तर तू चिडला असतास. दोन दिवस माझ्याशी बोलला नसतास. मग हैदराबादच्या गाडीत खिडकीची जागा मागितली असतीस.

रेघेचं भांडण मात्र राहिलंच. मी अजून म्हणतो, रेघ कोपऱ्याला शिवली पाहिजे.

बिराजदार गेल्यावर मी खुर्ची माझ्या उंचीला घेतली. माग बंद होते. तुझ्या ओळीतला शेवटचा, सगळ्यात आतला ठसा वाचायचा राहिला होता. तो वाचला, तळहातावर लिहिला आणि मूठ मिटली. सवयीनं दाराकडं वळलो, तुझं वाचून होईपर्यंत थांबलो.

मग मूठ उघडली. तू काय लिहिलं असतंस ते मला माहीत नाही. या वेळी मी अंदाज केला नाही.